आधी कुणाचं नाव

मोटार वाइंडिंगच्या दुकानाला स्वतःचा एक वास असतो. वार्निशचा, जळलेल्या कॉइलचा, आणि दिवसभर तांब्याची तार हाताळून बोटांना चढतो तो. २०१७ च्या फेब्रुवारीत सोलापूर महापालिकेची निवडणूक तोंडावर आली असताना अशाच एका दुकानात, अर्धं शटर ओढून, मी एका स्टुलावर बसलो होतो. समोर चार अपक्ष उमेदवार होते. खरं सांगायचं तर तीन उमेदवार आणि चौथीचा नवरा. शाळेच्या गॅदरिंगला, कुणाच्या निरोप समारंभाला चार ओळी जुळवून देणारा माणूस म्हणून आमच्या भागात माझं थोडंफार नाव आहे, त्या जोरावर मला बोलावलं होतं. दुकान ज्यांचं ते भाई स्वतः एक उमेदवार. त्यांनी चहा पुढे केला आणि म्हणाले, “सर, गाना होना एक. रिक्षापर लगाने. चारोंका मिलके एकीच.”

त्या वर्षी प्रभाग मोठे झाले होते. शहराचे २६ प्रभाग, १०२ जागा, बहुतेक ठिकाणी मतदारानं चार वेळा बटण दाबायचं. पक्षवाल्यांचं काम सोपं, एकच चिन्ह, चार वेळा दाबा म्हणून सांगितलं की झालं. अपक्षानं मात्र पूर्वीच्या मानानं दुप्पट वस्ती पायी तुडवायची आणि वर स्वतःचं चिन्ह लोकांच्या डोक्यात बसवायचं. तेव्हा आमच्या प्रभागातल्या चौघांनी पॅनल केलं. भाईंना गटारीचा राग होता. पिग्मी गोळा करणारे एक काका होते, पंचवीस वर्षं घरोघर फिरून प्रत्येक घरातली कुरकुर त्यांना पाठ. विडी वळणाऱ्या एक अक्का होत्या, त्यांना त्यांच्या गल्लीतल्या बायकांनीच उभं केलेलं. आणि चौथ्या एक वहिनी, ज्यांच्या नवऱ्याचं पक्षानं ऐनवेळी तिकीट कापलं म्हणून महिलांच्या जागेवर त्यांचा अर्ज भरलेला. चिन्हं मिळाली ती अशी: शिट्टी, कपबशी, छत्री, नारळ. एका ओळीत बसतील अशी ती नव्हती. मी तरी बसवली. “शिट्टी वाजली, कपबशी सजली, छत्री उघडा, नारळ फोडा.” भाई हसले. काका म्हणाले, “सोलापुरात फेब्रुवारीत छत्री कोण उघडतंय बे?” छत्री त्यांचीच होती.

इथवर ठीक होतं. भांडण झालं ते पुढे.

आधी कुणाचं नाव?

मी मास्तरकी केली. म्हटलं, जागा अ, ब, क, ड अशा आहेत, त्याच क्रमानं नावं घेऊ. ‘ड’मधले काका ताडकन म्हणाले, रिक्षा गल्लीत शिरून बाहेर पडेपर्यंत तिसरं नाव होतं, चौथं नाव ऐकायला कोण थांबतंय? बोलणं खरं होतं. प्रचाराची रिक्षा सावकाश जाते असं आपल्याला वाटतं, पण दारात उभ्या बाईला तिच्या कर्ण्यातून दीड ओळ मिळते, फार तर दोन. वहिनींचे यजमान म्हणाले, रेकॉर्डिंगचा खर्च मी करतोय, आमचं नाव आधी. भाई म्हणाले, बैठक कुणाच्या दुकानात चाललीय? काका म्हणाले, वयानं मोठा कोण? अक्का काही बोलल्या नाहीत. ज्या माणसांनी गटार, दिवाबत्ती, पाणी, उमेदवारी, खर्चाची वाटणी असल्या अवघड गोष्टींवर दोन दिवसांत एकमत केलं होतं, ती माणसं एका गाण्यातल्या नावांच्या क्रमावरून उठून चालली होती. ते मला फार खटकलं. रात्री घरी येऊनही ते डोक्यातून जाईना. हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

नंतर विचार करताना वाटलं की भांडण क्षुल्लक नव्हतंच. आपल्याकडे एकत्र चालायचं म्हटलं की आधी क्रम ठरलेला लागतो. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या काठ्या, निघतात. पहिली काठी कुणाची, दुसरी कुणाची, सहावी-सातवी कुठल्या समाजाची, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. वेगवेगळ्या समाजांचे मान आहेत आणि बाराबंदी घातलेली पोरं ती उंचच उंच काठी पोटाशी तोलून अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतात. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ असा पुकारा झाला की पुढचे-मागचे सगळे एका आवाजात उत्तर देतात. तिथं कुणी म्हणत नाही की यंदा आमची काठी पुढे घ्या. पक्षातही तसंच, वरून यादी येते, तिच्यात क्रम असतो, रडारड होते ती यादीच्या आधी. अपक्षाला यादी नाही आणि मानही नाही. मतपत्रिकेवर पक्षांची नावं वर, अपक्ष खाली, तेही आडनावांच्या नाहीतर नावांच्या अक्षरांप्रमाणे. ज्याला जगात कुणी क्रम दिला नाही, तो निदान आपल्याच पैशाच्या गाण्यात तरी पहिला यायला बघणार. आणि असे चार एकत्र आले की चार पहिले होतात.

दुसऱ्या दिवशी परत बैठक. यजमान आले नव्हते, वहिनी स्वतः आल्या होत्या, हे एक बरं झालं. अक्कांनी मांडीवर सूप घेतलेलं नव्हतं तरी त्यांची बोटं विडी वळल्यासारखी हलत होती, ती सवय जात नाही. त्या म्हणाल्या, “सर, बतकम्माला आम्ही कसं म्हणतो, बघितलाव का?” मी लहानपणापासून बघत आलोय. भद्रावती पेठेत, दत्त नगरात, सगळ्या पूर्व भागातच नवरात्राच्या दिवसांत बायका तरवडाची, झेंडूची फुलं थरावर थर रचून बतकम्मा करतात. ती मधोमध ठेवायची आणि भोवती गोल धरून टाळ्यांवर फिरायचं. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ‘उय्यालो’ म्हणत उचलायची. पण ती ओळ सांगणारी कोण, हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. अक्का म्हणाल्या, “कोण बी. जिला येतंय ती सुरू करते. तिचा दम सरला की शेजारची उचलते. गोल हाय नं, तिथं पयली कोण, शेवटची कोण?” आणि त्यांनी उभ्याउभ्या टाळी वाजवत त्यांच्या आईची एक चाल म्हणून दाखवली. आवाज जाडसर, तंबाखूच्या धुळीनं जरा खरबरीत झालेला. दुकानातला पोरगा वाइंडिंगचं यंत्र फिरवायचं थांबला.

मग ठरलं ते असं. ध्रुवपदात चारही चिन्हं, ती सगळ्यांनी म्हणायची. कडवी चार, प्रत्येक कडवं वेगळ्या नावानं सुरू, आणि गाणं गोल फिरत राहणार, त्याला शेवट नाही. रिक्षा ज्या गल्लीत ज्या क्षणी शिरेल तिथं त्या वेळचं नाव आधी. काकांनी हिशोबी डोक्यानं विचारलं की अशोक चौकात नेमकं माझं कडवं आलं नाही तर? भाई म्हणाले, “नसीब, काका. वोटाँ भी नसीबच है.” काकांना ते पटलं असं नाही, पण पिग्मीच्या धंद्यात माणूस रोज थोडं थोडं सोडायला शिकतो.

रेकॉर्डिंग एका घराच्या माडीवर झालं, भिंतींना अंड्याचे ट्रे चिकटवलेले, पंखा बंद. हलगीवाला खराखुरा आणला होता, कारण कीबोर्डमधल्या हलगीला आमच्याकडे कुणी मान डोलावत नाही. एक कडवं मराठी, एक तेलुगू, एक कानडी, एक भाईंच्या दखनीत. मला चारपैकी दीडच भाषा येतात. कानडी कडवं काकांनी स्वतः म्हटलं, बेसूर, पण असं मनापासून की गायकानं त्यांना बाजूला करायचं सोडून स्वतः मागे साथ धरली. वहिनी आधी तोंड उघडेनात. ध्रुवपद चौघांनी मिळून म्हणायचं असल्यानं त्यांना म्हणावंच लागलं, आणि तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. मी काचेच्या अलीकडून बघत होतो. चौघं एका माइकभोवती, खांद्याला खांदा लागलेला, एकमेकांच्या तोंडाकडे बघून श्वास घेतायत. एकमेकांविषयी जे काही बरंवाईट त्यांच्या मनात होतं ते तिथंच असणार, पण श्वास मात्र एकदमच घ्यावा लागत होता, नाहीतर समेवर कुणीतरी उघडं पडलं असतं. बाहेर आल्यावर अक्कांनी विचारलं, “गाण्यात पाण्याचं काय घातलं नाय व्हय?” काका म्हणाले, पाणी नको, पाणी नाही आलं तर गाणं खोटं पडेल. सगळे हसले आणि विषय तिथंच राहिला. मलाही तेव्हा ते बरं वाटलं, कारण पाण्याची ओळ त्या चालीत काही केल्या बसत नव्हती.

माझे वडील गिरणीत होते. त्यांच्या लहानपणच्या आठवणींत भोंग्याच्या जोडीनं एक आवाज कायम यायचा, अमर शेखांचा. शेख बार्शीचे, १९१६ चा जन्म, मूळ नाव मेहबूब पटेल. आपल्या जिल्ह्यातला माणूस म्हणून वडील त्यांच्याविषयी घरातल्या थोरल्या भावासारखं बोलायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये आधी शाहीर उभे राहायचे, मग पुढारी. १९५६ च्या फेब्रुवारीत समिती झाली तेव्हा तिच्यात कोण नव्हतं? समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, हिंदू महासभा, जनसंघ, आणि कुठल्याच पक्षात नसलेली कितीतरी माणसं. एरवी एका बाकावर बसायची नाहीत अशी. वडील म्हणायचे, भाषणं सुरू झाली की खाली बसलेल्या लोकांत कोण कुणाचा ते ओळखू यायचं, टाळ्या वेगवेगळ्या जागी पडायच्या. शाहिराच्या डफावर मात्र टाळी एकाच जागी पडायची. हे वर्णन मी इतक्यांदा ऐकलंय की ती सभा मीच पाहिली असं कधीकधी वाटतं.

पण त्यांच्या सांगण्यात दुसरा भागही असायचा, तो ते जरा आवाज उतरवून सांगत. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि पाठोपाठ समिती विरत गेली. जो तो आपापल्या झेंड्याकडे गेला. वडिलांना त्याचं दुःख होतं, मला नाही. ज्या कामासाठी जमले ते झालं, मग घरी गेले. एकत्र आलेली माणसं कायमची चिकटून राहिली तरच ती एकी खरी, हा हट्ट लग्नात ठीक, राजकारणात कशाला? मात्र माझ्या चौघांच्या बाबतीत हे मी इतक्या थंडपणे म्हणू शकत नाही, कारण त्यांचं काम झालेलंच नव्हतं.

निकाल लागला. १०२ पैकी भाजप ४९, त्याखालोखाल शिवसेना २१, काँग्रेस १४, मग एमआयएम, बसप, राष्ट्रवादी, माकप. अपक्षांच्या रकान्यात शून्य. आमच्या चौघांपैकी अक्कांना सगळ्यात जास्त मतं पडली आणि काकांना सगळ्यात कमी. अशोक चौकातलं त्यांचं कडवं बहुधा चुकलंच. संध्याकाळी भाईंच्या दुकानात बसून आम्ही आकडे वाचत होतो. बहुमताला ५२ लागतात, मोठ्या पक्षाला तीन कमी. भाई म्हणाले, “तीन. हमारे में से तीन आते तो?” त्या प्रश्नावर कुणी काही बोललं नाही, पण मला वाटतं चौघांच्या मनात एकच चित्र आलं असेल, आणि ते फार सुंदर नसेल. निवडून आलेल्या अपक्षांना महिनाभराच्या आत आघाडी करून ती विभागीय आयुक्तांकडे नोंदवता येते. एकदा नोंदली की तिचा व्हीप लागू होतो आणि तो मोडला तर सदस्यत्व जातं. म्हणजे कायदा त्यांना बांधायला तयार होता. नोंदणीच्या कागदावर गटनेता म्हणून कुणाचं तरी एकाचंच नाव लिहावं लागतं. तिथं गोल फिरणारं कडवं चालत नाही. पराभवानं त्यांना त्या कागदापासून वाचवलं, असं माझ्या मनात येऊन गेलं आणि मी ते बोललो नाही.

आता थोडं लेझमीविषयी, कारण सोलापूरकरानं संगीत आणि एकीविषयी लिहायचं आणि लेझीम टाळायची हे शक्य नाही. आमच्याकडच्या मंडळांच्या लेझमीचा ताफा बघितला की अंगावर काटा येतो, शंभर-दीडशे पोरं, एक हलगी, आणि सगळ्यांचा गुडघा एकाच क्षणी वाकतो. मी स्वतः खेळलोय. हलगीवाला कुठे उभा आहे हे मागच्या रांगेला दिसतही नाही, फक्त ठेका येतो आणि अंग आपोआप वळतं. त्यात नशा आहे. पण कॉलेजच्या वयात मला एकदा वाटलं की मला एक पाऊल वेगळं टाकायचंय, आणि ते टाकायला त्या ताफ्यात जागा नव्हती, शेजाऱ्याच्या नडगीवर लेझीम बसली असती. पक्षांना ही एकी आवडते यात नवल नाही. हल्ली तर लेझमीचीही कटकट नको म्हणून डीजे लावतात. त्यात कुणी काही वाजवायचं नाही, काही म्हणायचं नाही, शेजारचा काय म्हणतो तेही ऐकू येत नाही. छातीत धडधडतं तेवढ्यालाच लोक एकत्र आलो म्हणतात. मला त्याचा रागच येतो, आणि तो केवळ वयाचा नसावा.

अपक्षांना जमेल असं काही मला दिसलं ते वारीत. माउलींची पालखी आपल्या जिल्ह्यात शिरली की मी दरवर्षी एखाद्या मुक्कामाला जातो, जास्त करून वेळापूरला. रथापुढे २७ दिंड्या, मागे त्याहून कितीतरी जास्त. प्रत्येक दिंडीचा विणेकरी वेगळा, मृदंग वेगळा, म्हणण्याची ढब वेगळी. चालताना दोन दिंड्यांच्या मधे उभं राहिलं तर डाव्या कानात एक अभंग, उजव्या कानात दुसरा. संध्याकाळी तळावर समाज आरतीला सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात. टाळांचा तो कल्लोळ असतो की शेजारच्याला ओरडून सांगावं लागतं. मग चोपदार हातातला दंड उंच करतो, एक लांब ‘हो’ देतो, आणि हजारो टाळ एका झटक्यात थांबतात. ती शांतता ऐकायला लोक लांबून येतात. पण माझं लक्ष असतं ते दुसऱ्या गोष्टीवर. एखाद्या दिंडीची तक्रार असेल, जागा मिळाली नाही, कुणी वाटेत मधे घुसलं, तर ती दिंडी थांबत नाही. तिचे टाळ चालूच राहतात. एवढ्या मोठ्या समाजात फक्त त्या वीस-पंचवीस माणसांचे टाळ, अडून बसलेले. चोपदाराला त्यांच्यापाशी जावं लागतं, ऐकून घ्यावं लागतं, काहीतरी तोडगा सांगावा लागतो. मग ते थांबतात. मग हरवलं-सापडलं पुकारतात, उद्याची निघायची वेळ सांगतात, आणि आरती होते.

एका वर्षी मी अक्कांना घेऊन गेलो होतो. त्यांचा वारीशी संबंध नाही, त्यांची देवस्थानं वेगळी, पण पालखी बघायची होती. त्या दिवशी नेमकी एक दिंडी थांबेना. आमच्या शेजारचे वारकरी वैतागले नाहीत, नुसते उभे राहिले, पाय दुखत असतानाही. अक्कांनी विचारलं हे का वाजवतात, मी सांगितलं. त्या बराच वेळ त्या दिशेनं बघत राहिल्या. परतीच्या एसटीत म्हणाल्या, “आमच्यात असं नव्हतं. आमच्यात राग आला की माणूस घरी जायचा.”

बरोबर होतं ते. निवडणुकीनंतर पॅनल असं मोडलं नाही, सुकत गेलं. काका पिग्मीला लागले. वहिनींना पुन्हा कुणी बोलावलं नाही. यजमान वर्षभरात एका पक्षात गेले, तिकीट कापलेल्या पक्षात नव्हे, दुसऱ्याच. पण चाल मात्र उरली. पुढच्या उन्हाळ्यात पाणी चार-पाच दिवसांआड यायला लागलं आणि बायकांनी मोर्चा काढला तेव्हा रिकाम्या घागरींवर तोच ठेका होता. शिट्टी-कपबशीच्या जागी शब्द वेगळे, गोल तसाच, दम सरला की शेजारणीनं उचलायचं. आता पाण्याची ओळ चालीत बसली होती, ती बायकांनीच बसवली, एक अक्षर ओढून. भाई मोर्चात होते. काका गल्लीच्या तोंडापर्यंत आले, पिग्मीची पिशवी खांद्याला, आणि कानडी कडवं म्हणून मग कामाला गेले. मी ते पाहिलं आणि मला त्या रेकॉर्डिंगच्या रात्रीपेक्षाही बरं वाटलं, कारण इथं कुणी कुणाचं नाव घेतच नव्हतं.

महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली, प्रशासक आले, निवडणुका लांबत गेल्या. मधेच २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभा आली. एके सकाळी गल्लीत रिक्षा शिरली आणि कर्ण्यातून आमची चाल. तीच हलगी, रेकॉर्डिंग नवं, पुण्या-मुंबईचा गायक असावा असा गुळगुळीत आवाज, आणि चारही कडव्यांत एकाच उमेदवाराचं नाव. यजमानांनी जुनी फाइल पक्षाला दिली होती. अक्का आणि आठ-दहा बायका ओट्यावर सुपं घेऊन बसल्या होत्या. अक्कांनी सूप बाजूला ठेवलं, उठल्या आणि कर्ण्याच्या वर घागरीवालं गाणं म्हणायला लागल्या. बाकीच्या टाळ्या धरून उठल्या. रिक्षावाला पोरगा गोंधळला, त्यानं आवाज वाढवला, यांनी वाढवला. दोन्हीकडचा ठेका एकच, त्यामुळे गंमत अशी झाली की कान देऊन ऐकलं नसतं तर सगळे मिळून प्रचारच करतायत असं वाटलं असतं. त्यानं कर्णा बंद केला तरी त्या थांबल्या नाहीत. शेवटी त्यानं फोन लावला आणि यजमान मोटारसायकलवर आले.

“अक्का, गाणं कुणाच्या बापाचं असतंय का?”

“बापाचं नाय. माझ्या आईचं हाय.”

ते जरा वरमले. म्हणाले, काय पाहिजे बोला, गाणं बंद करू का? मला वाटलं त्या हो म्हणतील. अक्का म्हणाल्या, बंद नको, वाजवा, पण पाण्याची ओळ घाला, आणि तुमच्या साहेबांच्या तोंडावर वाजवा. वहिनी मोटारसायकलवर मागे बसल्या होत्या. त्या उतरल्या आणि बायकांत जाऊन उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत.

दोन दिवसांनी रिक्षा परत आली. ओळ घातली होती. घाईत कोंबलेली, मात्रा जास्त, ‘पाणी’ शब्दावर गायक अडखळून पुढे पळतो. अक्का संध्याकाळी माझ्याकडे आल्या, कागद पुढे केला आणि म्हणाल्या, ठेक्यात करून द्या की, सर. मी म्हटलं, अक्का, त्या पक्षाला मी मत देणार नाही. त्या म्हणाल्या, मी पण नाय. मग मी कागद घेतला. दोन अक्षरं काढावी लागली आणि एक लांबवावं लागलं, बायकांनी घागरींवर लांबवलं होतं तेच.